पोरगं पुण्याला पोचलं. पण रुजलं का?



आपल्या या पत्रिकेत लागणीच्या तारखा, खतांच्या मात्रा, हुमणीचा बंदोबस्त आणि खोडव्याची निगा यांवर दर अंकात काही ना काही येते आणि ते यायलाच पाहिजे. आज मात्र मी एका वेगळ्या लागणीविषयी लिहिणार आहे. बारावी झालेली आपली मुले-मुली पावसाळ्याच्या तोंडावर पुण्या-कोल्हापूरला जातात, त्या लागणीविषयी. तिची नोंद गट ऑफिसात होत नाही. चिटबॉय तिच्याकडे फिरकत नाही. आणि तिच्यात नांग्या किती पडल्या, हे कुणी मोजत नाही.

विषय काढायला कारण आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या गावांतून एक गोष्ट घडते. चावडीवर नारळ-टोपी देऊन, फोटो काढून ज्याला आपण पाठवले, ते पोरगे सुटीला म्हणून येते आणि परत जात नाही. विचारले तर कुणी सांगते, "तिथलं पाणी मानवलं नाही." कुणी सांगते, "आईला बरं नव्हतं." कुणी सांगते, "रानात माणूस नव्हतं." चार दिवस कुजबुज होते, मग उसाला तोड येते आणि विषय मिटतो.

ही कारणे मला चांगली ठाऊक आहेत. कारण त्यातले तिसरे मी स्वतः पंचेचाळीस वर्षे सांगत आलो आणि ते खोटे होते.

१९७९ सालची गोष्ट

मी १९७९ साली बारावी सायन्सला आमच्या केंद्रात दुसरा आलो. पुण्यातल्या एका कॉलेजात एफ. वाय. बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला. वडिलांनी नवी ट्रंक घेतली. आईने भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लाडवांचा डबा बांधून दिला. वळकटी काखेत मारून मी लाल गाडीने स्वारगेटला उतरलो. पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली. खोलीत आम्ही चौघे, चौघे चार दिशांचे.

पहिला धक्का खानावळीत बसला. आमटीत गूळ! गुळाच्या ढेपा आपल्या घरच्या, पण आमटीत घालायचे आपल्या कुणाच्या सात पिढ्यांना सुचले नाही. हा धक्का हसण्यावारी नेला. दुसरा तसा नेता आला नाही.

बारावीपर्यंत आमचे पुस्तक इंग्रजीत होते, पण सर समजावून सांगायचे मराठीत. इथे पहिल्या तासापासून सगळेच इंग्रजीत. जे मला येत होते तेसुद्धा मी ओळखेना. पंधरा दिवसांनी धीर करून एका तासाला मी उभा राहिलो आणि शंका विचारली. बोलण्याच्या ओघात 'पानी' म्हणालो. मागच्या बाकावरून कुणीतरी 'पाणी' असे दुरुस्त केले आणि अख्खा वर्ग हसला. सरांनी हसू आवरले, पण माझ्या शंकेचे उत्तर राहूनच गेले. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत मी त्या वर्गात तोंड उघडले नाही. जेवायला गर्दी ओसरल्यावर जायचो. संध्याकाळी स्वारगेटवर जाऊन आपल्या भागाच्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसायचो. घरी पत्र मात्र दर आठवड्याला टाकायचो, "मी मजेत आहे, काळजी नसावी."

दिवाळीला आलो. भाऊबीज झाली आणि मी वडिलांना म्हणालो, "आण्णा, मी आता जात नाही." वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं झालं. रानात माणूस पाहिजेच होता."

त्यांनी मला लाज वाटू नये म्हणून ते शब्द वापरले, हे मला पुढे कळले. मोठ्या मनाचा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी फक्त "का रं, काय झालं?" एवढे विचारले असते, तर मी रडलो असतो, सगळे बोललो असतो आणि बहुधा चार दिवसांनी परत गेलो असतो. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. रानात माणूस नव्हते हे कारण गावानेही मान्य केले. ती ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. तिच्यात उसाच्या बिलांच्या पावत्या ठेवतो.

शेती करून मी उपाशी राहिलो नाही. आडसालीचे उत्पन्न चांगले घेतो, कारखान्याने दोनदा पाठ थोपटली. तक्रार शेतीविषयी नाहीच. पदवी घेऊन, विचार करून जो रानात परत येतो, त्याला माझा रामराम आहे. मी भिऊन आलो. हा फरक बाहेरून दिसत नाही, पण ज्याचा त्याला आयुष्यभर दिसतो.

हे आता का सांगतोय

२०२४ साली माझ्या धाकट्या भावाची मुलगी बारावी झाली आणि पुण्यात बी. एस्सी.ला गेली. आमच्या घरातली कॉलेजसाठी बाहेर पडलेली पहिली मुलगी. ट्रंकेच्या जागी चाकाची बॅग, एस. टी.च्या जागी भावाची गाडी आणि पत्राच्या जागी मोबाईल. मला वाटले, आता काय अडचण? रोज संध्याकाळी पोर फोनवर दिसते, आईशी बोलते, हसते. गणपतीला दोन दिवस आली, मोदक खाऊन गेली.

गणपती उठल्यावर दहा-बारा दिवसांनी रात्री मला फोन आला. आईला नाही, बापाला नाही, मला. "आबा, मला न्यायला या. मला हे जमणार नाही."

सकाळी घरात सांगितले. वहिनीने डोळ्याला पदर लावला. भावाने गाडीची किल्ली घेतली. म्हणाला, "दादा, आणू या पोरीला. बास झालं. नाहीतरी एक स्थळ आलेलंच हाय, बघून टाकू."

बंधूंनो, मुलगा परत आला तर त्याला रान असते, गोठा असतो, पुढच्या साली दुसरे कॉलेज असते. मुलगी परत आली की तिच्यासाठी आपण स्थळ काढतो. सहा आठवड्यांच्या घाबरटपणाची किंमत मुलाला एक वर्ष पडते, मुलीला सगळा जन्म पडते. हे मी भावाला बोलून दाखवले. तो रागावला, पण किल्ली खिशात ठेवली. मी एकटा एस. टी.ने गेलो.

मुलींच्या वसतिगृहात पुरुष माणसाला आत सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. फाटकाजवळ बाक होता, तिथे बसलो. पोर बॅग भरूनच बाहेर आली. मी म्हटले, "बॅग असू दे. आधी सांग, काल रात्री जेवलीस का? आणि कुणाबरोबर जेवलीस?"

ती रडायला लागली. एकटीच खोलीत बिस्किटे खाऊन झोपत होती, महिना झाला. मेसमध्ये मुली आपापल्या घोळक्याने बसतात, कुणाच्या टेबलाशी जाऊन बसायचे, हे तिला कळत नव्हते. फोनवर हसायची, कारण आई रडू नये म्हणून. पहिल्या चाचणीत वीसपैकी सात मार्क पडले होते. बारावीला केंद्रात पहिली आलेली पोर! तिला हे ठाऊक नव्हते की त्या वर्गात निम्मी पोरे आपापल्या केंद्रातून पहिलीच आलेली आहेत. प्रॅक्टिकलला बाकीच्यांची बोटे कॉम्प्युटरवर सराईत चालत आणि हिने शाळेत कॉम्प्युटर पाहिला तो बहुतेक कपड्याखाली झाकलेला.

मग मी तिला १९७९ ची हकीकत सांगितली. बायकोलाही पुरती सांगितली नव्हती, ती त्या बाकावर सांगितली. पोर ऐकत राहिली आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला कुणी विचारलंच नाही?" मी म्हटले, "नाही. म्हणून मी विचारायला आलोय."

आमच्यात एक करार झाला. दिवाळीपर्यंत तिने राहायचे. दिवाळीला घरी यायचे. तेव्हा "नको" म्हणाली तर मी स्वतः कॉलेजात येऊन नाव काढणार आणि गावात खरे कारण सांगणार, पाण्याचे नाही आणि रानाचेही नाही. पण तोवर तीन कामे करायची. रोज एक जेवण माणसांत बसून. आठवड्यात एक शंका सरांना किंवा बाईंना विचारायची, वर्गात नाही तर तास सुटल्यावर. आणि आपल्या भागातली वरच्या वर्गातली एक मुलगी शोधायची.

तिसरे काम त्याच दिवशी झाले. वसतिगृहाच्या बाईंना विचारले, तर आपल्याच तालुक्यातली तिसऱ्या वर्षाची मुलगी वरच्या मजल्यावर निघाली. सहा आठवडे दोघी एका छपराखाली राहत होत्या, एकमेकींना पत्ता नाही! ती मुलगी खाली आली आणि पहिलेच वाक्य बोलली, "अगं, मी तर पहिल्या वर्षी दोनदा बॅग भरली होती."

पोर राहिली. पहिल्या सेमिस्टरला एक विषय मागे राहिला, तो पुढे निघाला. यंदा ती दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे गोड झाले असे सांगणार नाही, अजून कधी कधी तिचा आवाज फोनवर पडलेला असतो. पण आता ती खरे बोलते.

रोप माना टाकतेच

आपण सगळे शेतकरी आहोत, तेव्हा आपल्या भाषेत सांगतो. ट्रेमधले उसाचे रोप सरीत लावले की पहिले काही दिवस ते माना टाकते. पाने पिवळी पडतात. बघून जीव खालीवर होतो. म्हणून आपण ते उपटून परत ट्रेमध्ये ठेवतो का? नाही. आपण आंबवणीचे पाणी देतो, मूळ धरायची वाट बघतो आणि महिन्याभराने फिरून कुठे नांगी पडली ते बघून ती भरतो. रोप माना टाकते म्हणजे रोप वाईट आहे असे नव्हे. त्याने जमीन बदलली आहे, एवढाच अर्थ. आणि त्याच वेळी हेही खरे की लावून पाठ फिरवली आणि पाणीच दिले नाही, तर चांगल्यातले चांगले बेणे वाळून जाते. मुलांच्या बाबतीत आपण या दोन्ही चुका करतो. कुणी उपटून आणतो, कुणी पाठ फिरवतो.

पाठ फिरवणारे म्हणतात, "आम्ही गेलो तेव्हा आम्हाला कोण होतं? टक्केटोणपे खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही." हे मला चावडीवर नेहमी ऐकवले जाते. माझे उत्तर असे की, हे बोलणारे सगळे टिकलेले आहेत. साहेब झाले, डॉक्टर झाले, सत्काराला येतात आणि भाषणात सांगतात की आम्ही उपाशीपोटी शिकलो. जे टिकले नाहीत ते माझ्यासारखे गप्प बसले. त्यांचे भाषण कुणी ठेवत नाही. टिकलेल्यांचेच ऐकत राहिलो तर टक्केटोणप्यांनी माणूस घडतो असेच वाटणार. किती मोडले त्याचा हिशेब धरा, मग बोला.

आणि आपल्या थोरांनी तरी हे पोरांच्या नशिबावर कुठे सोडले होते? राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू केले. संस्थेचे साताऱ्यातले कॉलेज आले ते १९४७ साली. म्हणजे आधी बोर्डिंग, मग कॉलेज. खेड्यातल्या पोराला नुसता वर्ग पुरत नाही. निजायला जागा, जेवायला पंगत आणि पाठीवर हात ठेवणारे कुणी लागते, हे त्या माणसाने ओळखले होते. त्या बोर्डिंगसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तीही याचसाठी, की खेड्यातून आलेल्या गरीब पोराला शहरात घर मिळावे.

आज दारे पुष्कळ उघडली आहेत. पुणे विद्यापीठ १९४९ चे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यानंतर तर तालुक्या-तालुक्यात कॉलेजे झाली. कित्येक साखर कारखान्यांनी स्वतःच्या शिक्षणसंस्था काढल्या. दार उघडले, पण आत गेलेल्या पोराला बसायला पाट कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

घरच्यांनी काय करावे

माझ्या अनुभवातून आणि गेल्या दोन वर्षांत आठ-दहा घरांतल्या पोरांशी बोलून जे कळले, ते सांगतो. पटेल ते घ्या.

पहिली गोष्ट. पहिले तीन महिने पोराला दर जत्रेला, बारशाला आणि बेंदराला घरी बोलावू नका. दर शनिवारी गावाकडे पळणाऱ्या पोराचे तिथे कुणी मैत्र होत नाही, कारण शहरात ओळखी होतात त्या रविवारीच. गणपतीला या, दिवाळीला या. मधे भेटावेसे वाटले तर आपण जावे, बरोबर चार जणांना पुरेल असा डबा न्यावा. खोलीत डबा उघडला की सोबती आपोआप गोळा होतात.

दुसरी. "किती मार्क पडले?" हा प्रश्न पहिल्या सेमिस्टरला विचारू नका. "कुणाबरोबर जेवलास?" हे विचारा. "सोबत्याचं गाव कुठलं?" हे विचारा. नाव-गाव पटकन आले तर समजा मूळ धरले. "असंच कुणीतरी" म्हणाला, तर पुढच्या गाडीने जाऊन या. फोनवरच्या हसण्यावर भिस्त ठेवू नका. मी पत्रात मजेतच होतो.

तिसरी, पैशाची. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायचे असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसे लिहिलेले आहे. पण बिल अगदी वेळेवर आले तरी ते येते हिवाळ्या-उन्हाळ्यात आणि फी येते जुलै-ऑगस्टात. मधल्या काळात लग्नसराई होऊन जाते आणि पोराच्या फीला सावकाराचे दार धरावे लागते. तेव्हा बिल जमा झाले की फीचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढा. खर्चाची रक्कम थोडी असली तरी चालेल, पण तारखेला पोचली पाहिजे. मेसचे पैसे थकले की पोरगे जेवायला जात नाही आणि घरी मागायलाही लाजते.

चौथी, सवलतींची. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात, ते मुदतीतच भरले पाहिजेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून माफ झाली आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला ही कागदे जूनच्या आत काढून ठेवा. तहसीलला ऐन वेळी रांग लागते. याशिवाय पुष्कळ कॉलेजांत कमवा व शिका योजना असते. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काम करून चार पैसे मिळतात आणि ओळखी होतात ते वेगळेच. आपल्या पोराला त्यात कमीपणा वाटू देऊ नका. घरी खुरपे धरतेच की!

पाचवी. शिक्षणाचा सांगाडा बदलला आहे, तो आपणही थोडा समजून घ्यावा. २०२० च्या नव्या धोरणाप्रमाणे पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडले तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स अशी रचना आहे. मिळालेली क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात, आपल्या खात्यावर टनेज जमा होते तशी. म्हणून सोडायचेच झाले, तर निदान वर्ष पुरे करून सोडावे. दिवाळीत सोडलेल्याच्या हाती काही लागत नाही. एखादा विषय राहिला म्हणजे जग बुडाले असेही नाही. तो पुन्हा देता येतो. मात्र हजेरी भरली पाहिजे. ७५ टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसायला अडचण येते.

कधी आणावे

आता दुसरी बाजू. माझे हे वाचून कुणी पोराला हट्टाने तिथेच डांबून ठेवू नये. काही वेळा जाऊन घेऊन यावेच लागते आणि त्यात नामुष्की नाही.

पोराला कुणी छळत असेल तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत आणि १८०० १८० ५५२२ या क्रमांकावर फुकट तक्रार करता येते. पोरगे रात्र-रात्र झोपत नाही, खाणे सुटले आहे, "मी नसलो तर बरं" असे काही बोलते, तर तो नखरा समजू नका, गाडी काढा आणि त्याच दिवशी जा. दवाखान्यात न्या. टेलि-मानस म्हणून सरकारची सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ वर फोन केला की मराठीतही बोलता येते. तापाला डॉक्टर लागतो तसा मनालाही लागतो, यात भूत-भानामती काही नाही.

आणि एखाद्याला विषयच चुकीचा पडला असेल, बापाच्या हौसेखातर सायन्सला घातले असेल, तर त्याला जवळच्या कॉलेजात आवडीचे शिकू द्या. आमच्या शेजारच्या मळ्यातले एक पोर असेच परत आले. बापाने चारचौघांत खरे सांगितले, "त्याला इंजिनिअरिंग नको होतं, माझा हट्ट होता." आज ते पोर बी. कॉम. करते आणि सोसायटीचा हिशेब बघते. त्याच्या चेहऱ्यावर माझ्यासारखे ओझे नाही, कारण त्याच्या बापाने त्याच्या नावावर खोटे कारण चढवले नाही.

मग ठरवायचे कसे? मला सापडलेली खूण साधी आहे. पोरगे कशाला भिते ते त्याला नेमके सांगता येत असेल, तर त्या भीतीवर इलाज निघतो, थांबावे. ते सांगतच नसेल, नुसते मिटून गेले असेल, तर जवळ जावे, सोबत राहावे, गरज पडली तर घरी आणावे. दोन्ही वेळा विचारणे पहिले.

कारखान्याला विनंती

शेवटी संचालक मंडळाला एक नम्र सूचना. आपण शेतकरी मेळावे घेतो, ऊस पीक स्पर्धा घेतो, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कारही करतो. सत्कार झाल्यावर मात्र पोर कुठे गेले ते आपण बघत नाही. तेव्हा दरवर्षी जूनमध्ये कारखान्याच्या सभागृहात एक दिवस असा ठेवावा की, बाहेरगावी शिकणारी आपल्या कार्यक्षेत्रातली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले-मुली यावीत आणि नव्याने जाणाऱ्यांना भेटावीत. पाहुणा नको, भाषण नको, हार-तुरे नकोत. एक चहा आणि चार तास. दुसरे, प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवावी. कोणत्या गावचे पोर कोणत्या शहरात, कोणत्या कॉलेजात, एवढीच नोंद, त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीने. आमच्या पोरीला जी मुलगी सहा आठवड्यांनी योगायोगाने सापडली, ती या वहीने पहिल्या दिवशी सापडली असती. तिसरे, जुलै-ऑगस्टात फीसाठी उभ्या उसाच्या नोंदीवर छोटी शैक्षणिक उचल देऊन ती पुढच्या बिलातून कापता येईल का, याचा विचार व्हावा. पहिल्या दोन गोष्टींना तर खर्च जवळजवळ नाहीच.

एकमेकांचा ऊस एका गव्हाणीत घालून आपण हा कारखाना चालवतो. एकट्या-दुकट्याचे काम नव्हते म्हणून सहकार झाला. पोरे मात्र आपण एकेकटी पाठवतो. हे बदलले पाहिजे.

येत्या दिवाळीला तुमच्या घरचे, शेजारचे पोर येईल. अंगणात पाय धुऊन आत आले की त्याला दोन घास खाऊ द्या. मग जवळ बसा आणि मार्कांचे नाव न काढता विचारा, "का रं बाळा, तिथं कसं वाटतंय? खरं सांग." आणि ते खरे बोलले तर रागावू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद